केशवरावचं लिव्हर

धामणगाव रेल्वेहून कौंडण्यपूरकडे जाताना रस्त्याला लागून एक गाव आहे. तिथलं देशी दारूचं दुकान बेबीताई चर्जननं बंद पाडलं, ही गोष्ट आसपासच्या खेड्यांत अजून सांगतात. बायका गोळा करून ती तहसील कचेरीत गेली, निवेदनं दिली, साहेबांच्या खोल्यांबाहेर बसून राहिली आणि शेवटी गावात मतदान लावून घेतलं. अशा मतदानात कागदावर दोन बाटल्या असतात, एक उभी आणि एक आडवी. दारू नको असेल तिनं आडवीवर शिक्का मारायचा. ते सुद्धा बेबीताईनं म्हाताऱ्या बायकांना घरोघर जाऊन समजावलं होतं. आडवी बाटली जिंकली, दुकानाला कुलूप लागलं आणि पुढच्या निवडणुकीत बेबीताई सरपंच झाली.

दारूवर तिचा एवढा राग असण्याला कारण होतं. तिचा थोरला भाऊ जानराव दारूनं गेला होता. शेवटी शेवटी त्याचं पोट माठासारखं फुगलं होतं, हातापायाच्या काड्या झाल्या होत्या आणि डोळे पिवळे जर्द पडले होते. अमरावतीच्या दवाखान्यात त्याच्या उशाशी बेबीताईच बसलेली असायची. ‘लिव्हर’ हा शब्द तिनं तिथं पहिल्यांदा ऐकला. तेव्हापासून तिच्या लेखी त्या शब्दाचा अर्थ एकच होता.

तिचा नवरा केशवराव हाही तरुणपणी प्यायचा. त्यांची पोरगी हर्षा नुकती शाळेत जायला लागली होती तेव्हाची गोष्ट. एकदा तो पिऊन आला आणि त्यानं तिला मांडीवर घेतलं, तर पोरगी नाकाला हात लावून उठून गेली. आईच्या मागं जाऊन बसली. केशवरावनं त्या दिवसापासून दारूला हात लावला नाही. कुणी शपथ घातली नाही, कुणी माळ घातली नाही. पुढं बेबीताई सभांमध्ये बोलायला लागली तेव्हा ती सुरुवातच अशी करायची, की मी आधी माझ्या घरातली दारू काढली आणि मग गावातली काढायला निघाले. केशवराव मागच्या रांगेत बसून हे ऐकायचा. सोडली ती आपण, हे त्याच्या मनात यायचं, पण बायकोचं नाव होतंय तर होऊ द्यावं, असा त्याचा स्वभाव होता.

गावाच्या खालच्या अंगाला, नाल्याच्या काठी त्याचं भाजीचं वावर होतं. वांगी, मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर. पहाटे भाजी काढायची, धुवायची आणि धामणगावच्या बाजारात नेऊन विकायची. वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ग्रामपंचायतीचा एक नळ होता, गावाच्या लाइनवरचा अगदी शेवटचा. त्याची पाईप नाल्याखालून यायची. दिवसभर केशवराव त्याच नळाचं पाणी प्यायचा. पावसाळ्यात त्या पाण्याला वास येऊ लागला आणि पहिली बादली गढूळ निघायला लागली, तेव्हा त्यानं बेबीताईला सांगितलं. नाल्यात पाईप कुठंतरी फुटली असणार, असंही म्हणाला. ती म्हणाली, पुढच्या मासिक सभेत विषय घेतो. पुढच्या सभेत सभागृहाची रंगरंगोटी निघाली. त्याच्या पुढच्या सभेत जिल्ह्याहून आदर्श गावाच्या तपासणीला साहेब येणार असल्याचं पत्र आलं आणि सगळेजण त्यामागं लागले. केशवरावनं पुन्हा आठवण दिली. ती म्हणाली, हो, ध्यानात हाये.

पोळ्यानंतर त्याचं पोट बिघडलं. आव पडायची, मुरडा यायचा. मग ते आपोआप थांबलं आणि तो विसरून गेला. दसऱ्याच्या सुमारास ताप सुरू झाला. रोज दुपार कलली की हुडहुडी भरायची, अंगावर दोन दोन गोधड्या घेतल्या तरी दात वाजायचे आणि नंतर घामानं बनियन पिळून निघायचं. उजव्या बरगड्यांखाली दुखायचं. दुखणं वर उजव्या खांद्यापर्यंत जायचं, त्यामुळे भाजीचं टोपलं डोक्यावर घ्यायला हात उचलेना. गावच्या डॉक्टरनं आधी मलेरियाच्या गोळ्या दिल्या. मग टायफाइड म्हणून सलाईन लावलं. ताप हटेना. तेव्हा त्यानं एकदा केशवरावला नीट आडवं पाडून बरगड्यांखाली बोटं दाबली. केशवराव कळवळला. डॉक्टरनं बेबीताईला बाहेर ओसरीत बोलावलं.

“लिव्हर सुजल्यासारखं लागून राह्यलं, सरपंचबाई. अमरावतीले नेऊन सोनोग्राफी करून घ्या.” मग आवाज खाली आणून तो म्हणाला, “त्यायनं पुन्हा सुरू तर नाही केली ना?”

त्यानं दोन गोष्टी सांगितल्या होत्या. बेबीताईनं दुसरी तेवढी ऐकली.

त्या दिवसापासून ती नवऱ्याचं तोंड हुंगायला लागली. त्याच्या शर्टाचे खिसे, वावरातली झोपडी, भाजीच्या पोत्यांच्या मागची जागा, सगळं तिनं तपासलं. काही सापडलं नाही, तर तिला वाटलं की हा फार सांभाळून पितो. तिनं त्याला विचारलं. तो म्हणाला, मी घेतली नाही. तिनं पुन्हा विचारलं, तो पुन्हा तेच म्हणाला, आणि तिला जानराव आठवला. जानरावही असाच लेकरांच्या डोक्यावर हात ठेवून सांगायचा आणि संध्याकाळी गटारात पडलेला असायचा.

अमरावतीला नेणं तिच्या जिवावर आलं. तिथं जिल्हा परिषदेत, बचत गटांच्या ऑफिसात, सगळीकडे तिला ओळखणारी माणसं होती. दारूबंदीवाल्या बाईचा नवरा लिव्हरच्या दुखण्यानं भरती झाला, ही बातमी तिच्या आधी गावात पोचली असती. माजी सरपंच किसनराव तेवढ्याचीच वाट पाहत होता. दुकान बंद झाल्यापासून तो तिच्यावर खार खाऊन होता आणि सदस्य फोडायच्या मागं होता. आदर्श गावाची तपासणी तोंडावर आलेली. एवढी तपासणी होऊ द्यावी, मग नेऊ, असं तिनं ठरवलं.

पण ती हातावर हात धरून बसणारी बाई नव्हती. एका बैठकीसाठी अमरावतीला गेली असताना दारू सोडवण्याचं औषध देणाऱ्या एका माणसाकडे ती गेली. डोक्यावर पदर घेऊन, चेहरा झाकून गेली. त्यानं पुड्या दिल्या आणि सांगितलं की पेशंटला कळू देऊ नका, जेवणात मिसळा, उलटी झाली तर घाबरू नका, आतली दारू बाहेर पडते आहे असं समजा. बेबीताईनं घरी येऊन पुड्या तांदळाच्या डब्यात लपवल्या आणि त्या रात्रीपासून केशवरावच्या वरणात एकेक टाकायला लागली.

त्याला उलट्या झाल्या. तिची खात्री पटली.

दिवसामागून दिवस केशवराव खंगत गेला. पाठीवरचे मणके मोजता येतील एवढा वाळला. उताणं झोपवेना, उजव्या कुशीवर तर मुळीच नाही. मग तो भिंतीला टेकून बसूनच झोपायला लागला. कोरडा खोकला सुरू झाला. बेबीताई त्याचं करत नव्हती असं नाही. अंग पुसायची, कपडे धुवायची, औषध हातात द्यायची. पण बोलायची नाही. तिच्या मनात एकच होतं, की ह्यानं मला जगासमोर खोटं पाडलं.

हर्षा अकोल्याला दिली होती. तिचा नवरा मनोज तिथं एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात होता. ती फोन करायची तेव्हा आई म्हणायची, ताप हाये, उतरेल. एक दिवस फोन केशवरावनंच उचलला. दोन शब्दांच्या मध्ये त्याला दम लागत होता. हर्षा दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं येऊन दारात उभी राहिली. बाप भिंतीला टेकून बसला होता, मांडीवर जर्मनचं भगोनं होतं. खोकल्याची उबळ आली आणि तो त्यात थुंकला. थुंकी नव्हती ती. गुळाच्या काळ्या पाकासारखं तपकिरी, चिकट काहीतरी होतं.

आईनं तिला हात धरून स्वयंपाकघरात नेलं आणि सांगितलं, तुह्या बाबानं पुन्हा सुरू केली.

“तुनं पाह्यलं काय?” हर्षानं विचारलं.

“पाहाची गरज नाही. म्या माह्या भावाले पाह्यलं हाये.”

हर्षानं बापाचे दोन शर्ट पिशवीत भरले आणि गावातली एक गाडी बोलावली. अमरावती जवळ होती, ती तिकडंच न्यायला निघाली होती. केशवरावनं गाडीत बसताना तिला थांबवलं. अमरावतीले नको, म्हणाला, तिथं समदे तुह्या मायले ओळखतात. त्याला धड श्वास घेता येत नव्हता आणि तो बायकोच्या नावाची काळजी करत होता. शेवटी धामणगावहून रेल्वेनं त्याला अकोल्याला नेलं. बेबीताई दारात उभी होती. तपासणी उरकली की येतो, एवढं ती म्हणाली.

अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टर गीतांजली म्हणून एक बाई होत्या. त्यांनी केशवरावला पाहिलं आणि बसू न देता तडक सोनोग्राफीला पाठवलं, मग सीटी स्कॅनला. लिव्हरच्या उजव्या भागात, वरच्या बाजूला मोठा फोड झाला होता. आत पू साठला होता. फोड वाढत वाढत छातीच्या पडद्याला भिडला, पडदा भेदून फुप्फुसात फुटला, आणि तो पू खोकल्यातून बाहेर येत होता. डॉक्टरबाईंनी विचारलं, दारू किती पिता. तो म्हणाला, पीत नाही. त्यांनी परत विचारलं, कारण हा आजार घेऊन येणारे बहुतेक पिणारेच असतात. तो पुन्हा नाही म्हणाला. आणखी एका शिकाऊ डॉक्टरनं येऊन तेच विचारलं, तेव्हा केशवरावनं डोळे मिटून घेतले.

“लिहून टाका पितो म्हनून,” तो म्हणाला. “पन आता काहीतरी करा.”

हर्षानं त्या पोराला बाजूला घेऊन सांगितलं की मी शाळेत होते तेव्हापासून माझ्या बापानं दारूला हात लावलेला नाही.

मशीनवर बघत बघत डॉक्टरांनी त्याच्या बरगड्यांमधून एक नळी लिव्हरमध्ये घातली आणि बाहेर पिशवी जोडली. तोच तपकिरी पू पिशवीत उतरायला लागला. शिरेतून औषध सुरू झालं. छातीतही पाणी साठलं होतं, तिथं दुसरी नळी घालावी लागली. रक्ताची तपासणी आली, अमिबाचा फोड आहे असं निघालं. ताप हळूहळू उतरला. चेहऱ्यावर थोडा तजेला आला. पण लिव्हरच्या तपासण्या अजून म्हणाव्या तशा खाली येत नव्हत्या, आणि त्याचं कारण डॉक्टरबाईंना कळत नव्हतं.

गावची तपासणी पार पडल्यावर बेबीताई आली. राउंडची वेळ होती. डॉक्टरबाईंनी तिला विचारलं की घरी यांना आणखी काही औषध चालू होतं का, काढा, पुड्या, काहीही. बेबीताई नाही म्हणाली. डॉक्टरबाई म्हणाल्या, आठवून पाहा, लिव्हरला आणखी कशाचा तरी त्रास झालेला दिसतोय, आणि तो कशाचा ते कळलं नाही तर मी आंधळेपणानं औषध देत राहीन. बेबीताईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

“पुड्या देत होती,” ती म्हणाली.

“कशाच्या?”

“दारू सुटावी म्हनून.”

हर्षा उठून खिडकीशी गेली. डॉक्टरबाईंनी स्टूल ओढून घेतलं आणि तिला समोर बसवलं. त्या रागावल्या नाहीत. हा दारूचा आजार नाही, असं त्यांनी सांगितलं. माणसाच्या विष्ठेतला जंतू पाण्यातून नाहीतर घाण पाण्यात धुतलेल्या भाजीतून पोटात जातो. कितीतरी लोकांच्या आतड्यात तो गुपचूप पडून राहतो, कुणाला आव होते, आणि एखाद्याच्या बाबतीत तो रक्तातून लिव्हरमध्ये जाऊन फोड करतो. पिणाऱ्यांना जास्त होतो हे खरं, पण न पिणाऱ्यालाही होतो. पित्ताच्या खड्यांमुळे होतो, शुगरवाल्यांना दुसऱ्याच जंतूंनी होतो. यांचा मात्र पाण्याचा आहे. लवकर आणलं असतं तर नुसत्या गोळ्यांवर भागलं असतं. जरा मोठा असता तर सुईनं पू ओढून काढला असता. आता नळ्या घालाव्या लागल्या. पोटात फुटला असता तर पोट उघडावं लागलं असतं, आणि मग काय झालं असतं ते सांगता येत नाही.

“तुमच्या गावात पाणी कुठून येतं?” त्यांनी शेवटी विचारलं.

केशवरावनं मान वळवून बेबीताईकडे पाहिलं. नळाचं, असं हर्षानं उत्तर दिलं.

डॉक्टरबाई गेल्यावर हर्षा चहा आणायला खाली उतरली. दोघंच राहिली. केशवरावनं विचारलं, “कशात टाकत होती?”

“वरनात.”

त्यानं मान हलवली. “मले वाटे तापानं तोंड कडू झालं. म्हनून बोललो नाही. म्हटलं, तू एवढं रांधून राह्यली, तुले वाईट वाटन.”

बेबीताई रडली. तिनं त्याचे पाय धरले. माझं चुकलं, असं ती पुन्हा पुन्हा म्हणाली, आणि ते मनापासून होतं. त्यानं पाय ओढून घेतले नाहीत. नळ्या टोचत होत्या, हलता येत नव्हतं.

सुटी होण्याआधी डॉक्टरबाईंनी आणखी एक औषध दिलं. फोडातले जंतू मेले तरी आतड्यात राहिलेले मारावे लागतात, नाहीतर हे पुन्हा उद्भवतं, असं त्यांनी बजावलं. घरात सगळ्यांनी पाणी उकळून प्या, म्हणाल्या. निघताना केशवरावनं बायकोजवळ एकच गोष्ट मागितली. गावात सांग, तो म्हणाला, पाण्यानं झालं म्हनून. माह्या सांगन्यानं कोनी मानत नाही. तुह्या सांगन्यानं मानतील.

“सांगतो,” बेबीताई म्हणाली.

ती गावात आली तेव्हा तिला खरंच सांगायचं होतं. पण आल्या दिवशीच तिच्या बचत गटातली सुभद्रा घरी आली आणि म्हणाली की खालच्या गल्लीत आव-हगवण चालू आहे आणि किसनराव घरोघर फिरून सरपंचबाईनं गावाला काय पाजलं असं विचारतोय. अविश्वासाचा ठराव आणायला त्याला एका सदस्याची कमी होती. बेबीताईनं विचार केला. आपणच उठून सांगितलं की सरपंचाच्या नवऱ्याचं लिव्हर नळाच्या पाण्यानं सडलं, तर तो ठराव त्याच दिवशी पास होईल. पुढं दुकानही उघडेल. एवढ्या बायकांची मेहनत वाया जाईल. तिनं केशवरावला समजावलं की आधी पाईप दुरुस्त करून घेऊ, मग सांगू.

पाईप दुरुस्त झाली. नाल्यात खोदकाम केलं तेव्हा पाईपला हात जाईल एवढी भेग निघाली, आणि गटाराचं काळं पाणी तिच्यात शिरताना केशवरावनं काठावर उभं राहून पाहिलं. नवीन तुकडा बसला, वरून माती ओढली. टाकीत औषध पडायला लागलं. खालच्या गल्लीतली हगवण थांबली. केशवरावनं आठवण दिली तेव्हा बेबीताई म्हणाली, आता पानी चांगलं झालं ना, मंग आता कावून उकरून काढता?

ग्रामसभा झाली. किसनरावनं पाण्याचा विषय काढलाच नाही, कारण पाणी आता स्वच्छ येत होतं. केशवरावच्या लिव्हरची बातमी तोवर गावभर झाली होती, म्हणून त्यानं दारूबंदीचा विषय काढला. आमच्या गावात दारू नाही असं सांगता, तो हसत म्हणाला, मग गावातल्या माणसांची लिव्हर कावून खराब होऊन राह्यली? माणसं खाली मान घालून हसली. केशवराव भिंतीशी बसला होता.

“माह्या घरचं मी पाहीन,” बेबीताई म्हणाली. “तुमी गावाचं बोला.”

हे ऐकून केशवराव उठला. आयुष्यात कधी तो सभेत बोलला नव्हता. दम लागत होता, त्यामुळे तो थांबून थांबून बोलला. मी पीत नाही, तो म्हणाला, मला नळाच्या पाण्यानं झालं, अकोल्याच्या डॉक्टरबाईनं सांगितलं. मागून कुणीतरी म्हणालं, आता नळाले दारू येते काय भाऊ? सगळी सभा हसली. केशवरावनं बेबीताईकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. तिनं समोरचा ग्लास उचलून पाणी प्यायलं आणि पुढचा विषय पुकारला.

त्या दिवसापासून केशवराव तिच्या हातचं जेवला नाही. भांडण झालं नाही. त्यानं अंगणात तीन दगड मांडले, पातेल्यासारखी एक गंजी घेतली आणि स्वतःचं पाणी स्वतः उकळायला लागला. मग खिचडीही तिथंच करायला लागला. भाकरी जमत नव्हती, जाड व्हायची, करपायची, तरी तीच खायचा. बेबीताईनं पहिले काही दिवस ताट वाढून समोर ठेवलं. ते तसंच पडून राहायचं. मी आता तसं काही करीन काय, तिनं एकदा विचारलं. तो म्हणाला, करनार नाही, मले माहीत हाये, पन घास उतरत नाही. शेजारच्या बायकांना ते दिसायचंच. त्यांनी त्याचाही अर्थ लावला, की ताईनं त्याला चुलीपासून तोडलं, बरं केलं, पिणाऱ्याला असंच पाहिजे.

उन्हाळ्याच्या तोंडावर अमरावतीच्या एका संस्थेनं बेबीताईचा सत्कार ठेवला. जोडीनं या, असं बोलावणं होतं. केशवराव जायला तयार नव्हता. ती म्हणाली, एवढं माझ्यासाठी करा. तो धुतलेलं धोतर नेसून गेला. हॉल भरलेला होता, कॉलेजच्या पोरी होत्या, खुर्च्यांना पांढरे कपडे घातले होते. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईनं बेबीताईची ओळख करून दिली. ताईंनी गाव दारूमुक्त केलं, असं सांगितलं, आणि मग आवाज जड करून म्हणाली की ज्या नवऱ्याला एकदा दारूतून सोडवलं त्याच नवऱ्याला ताईंनी यंदा मरणाच्या दारातून परत आणलं, लिव्हर पूर्ण खराब झालेलं असताना. टाळ्या वाजल्या. पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले. बेबीताईच्या खांद्यावर शाल पडली, मग केशवरावच्या खांद्यावर पडली. त्यानं तिच्याकडे वळून पाहिलं. ती समोर पाहत होती, हात जोडून.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, “म्या नव्हतं सांगितलं त्यायले असं.”

“तुनं नाही तरी कुठं म्हटलं,” केशवराव म्हणाला.

त्यानं शाल घडी करून तिच्या हातात दिली. रस्त्यावर येऊन ऑटोला हात केला आणि बडनेऱ्याच्या स्टेशनला चल म्हणाला. ती हाक मारत होती. तो थांबला नाही. अकोल्याची गाडी त्याला मिळाली.

आता तो हर्षाकडे असतो. तिच्या घरामागच्या तुकड्यात मेथी-पालक लावतो, सकाळी हातगाडीवर विकतो. पळालं की धाप लागते, म्हणून हळू चालतो. गावचं वावर बटईनं, पिकाच्या वाट्यावर, दिलं. बेबीताई अधूनमधून फोन करते, तो उचलतो, वांग्यावर कीड पडली का, पाऊस झाला का, एवढं बोलतो आणि हर्षाजवळ देतो. परत या, असं तिनं पहिल्या पहिल्यांदा म्हणून पाहिलं. तो म्हणाला, तू गावात सांगितलं की येतो. आता ती म्हणत नाही.

ठराव काही आला नाही. बेबीताई पुढच्या वेळेलाही निवडून आली. नळाला पाणी स्वच्छ येतं. शेवटच्या नळाचं पाणी ती स्वतः महिन्याला बाटलीत भरून तपासायला पाठवते, आणि ते ती कधी चुकवत नाही.

गावात म्हणतात, केशवराव अकोल्याला राहतो कारण तिथं दारू मिळते. एकदा भाजी निवडता निवडता सुभद्रानं बेबीताईला सरळ विचारलं, की ताई, लोक म्हणतात ते खरं हाये काय, भाऊ अजून घेतात काय. बेबीताईच्या हातात मेथीची जुडी होती. ती पानं खुडत राहिली.

“जाऊ दे व,” ती म्हणाली.